चालत्या प्रोग्राममध्ये ऑब्जेक्टचा टाइप कसा आणि कुठे तपासायचा: बाजारातल्या पट्टीचं उदाहरण घेऊन

बेळगावच्या बाजारात सगळा माल एकाच मापाने विकला जात नाही. भात, कांदा, बटाटा क्विंटलवर जातो, नारळ शेकड्यावर, कोथिंबीर-मेथी जुड्यांवर. संकेश्वरी मिरची वजनावरच जाते, पण कचरा वजा करून. शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडते ती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, मात्र एकच. या लेखात अशी पट्टी करणारा छोटा प्रोग्राम घेऊन आपण एकाच गोष्टीकडे बारकाईने बघू: समोर आलेलं ऑब्जेक्ट कुठल्या टाइपचं, म्हणजे कुठल्या क्लासच्या साच्यातून बनलेलं आहे, हे प्रोग्राम चालू असताना कसं ओळखायचं, आणि मुळात ते कधी विचारायचं.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे. त्याच्या कॉलेजांत, डिप्लोमाला, बीसीएला निपाणी, चिकोडी, खानापूरकडची मराठी शाळांतून आलेली बरीच मुलं जावा आणि पायथन शिकतात. इन्हेरिटन्स (वारसा, म्हणजे एका क्लासवरून दुसरा सबक्लास काढणं) आणि पॉलिमॉर्फिझम (एकाच नावाची मेथड प्रत्येक क्लासमध्ये आपापल्या परीने चालणं) यांच्या व्याख्या त्यांना येतात. पण मुलाखतीत “इन्स्टन्सऑफ वापरणं वाईट का म्हणतात?” असं, म्हणजे जावात टाइप विचारणाऱ्या शब्दाबद्दल, विचारलं की गाडी अडते, कारण उत्तर व्याख्येत नसतं, वापरात असतं. हा लेख त्यांच्यासाठी आणि बाजारात, उद्यमबागेतल्या कारखान्यांत छोटी सॉफ्टवेअरं करून देणाऱ्यांसाठी आहे.

माझं मत आधीच सांगतो. टाइप विचारण्यात गैर काही नाही, चुकीच्या जागी विचारला तर तो महाग पडतो. माहिती बाहेरून प्रोग्राममध्ये शिरते तिथे कसून विचारा. एकदा आत आली की शक्य तितकं कमी विचारा.

मुख्य उदाहरण पायथनमध्ये आहे, शेवटी जावा आणि थोडं सी प्लस प्लस. कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. एडिटरमध्ये लिहिताना पायथनचे स्वतःचे शब्द आणि कोडमधले आकडे इंग्रजीत टाइप करायचे. क्लासची आणि व्हेरिएबलची नावं मात्र खरोखर मराठीत ठेवता येतात, पायथन ३ ला ती चालतात. दोन अडचणी तेवढ्या लक्षात ठेवा. ‘दर = २४००’ असा देवनागरी आकडा थेट कोडमध्ये चालत नाही, सिंटॅक्स एरर येतो. आणि काही कीबोर्ड जोडाक्षर लिहिताना मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात, ते नावात आलं तरी एरर येतो. नाव डोळ्यांना अगदी बरोबर दिसत असूनही पायथन ते नाकारत असेल तर ते पुन्हा दुसऱ्या कीबोर्डने लिहून बघा.

पहिलं पाऊल: नेमकं काय विचारायचं आहे ते ठरवा

“टाइप तपासायचा आहे” असं आपण म्हणतो तेव्हा मनात चारांपैकी एक प्रश्न असतो. हे ऑब्जेक्ट अगदी याच क्लासचं आहे का? या क्लासचं किंवा त्याच्या एखाद्या सबक्लासचं आहे का? ते कुठलंही असो, मला हवं ते काम त्याला करता येतं का? आणि चौथा: टाइप ठीक आहे, पण आतली किंमत वापरण्याजोगी आहे का? या चारही प्रश्नांची हत्यारं वेगवेगळी आहेत. बहुतेक चुका एका प्रश्नाचं हत्यार दुसऱ्याला लावल्याने होतात, म्हणून कोड लिहिण्याआधी प्रश्न मराठीत एका ओळीत कागदावर लिहा.

दुसरं पाऊल: टाइप आणि इझइन्स्टन्स यांतला फरक हाताने करून बघा

    क्लास माल:
        डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, दर):
            सेल्फ.नाव = नाव
            सेल्फ.दर = दर

    क्लास वजनीमाल(माल):
        डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, दर, किलो):
            सुपर().__इनिट__(नाव, दर)
            सेल्फ.किलो = किलो

    क्लास मिरची(वजनीमाल):
        डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, दर, किलो, कचरा):
            सुपर().__इनिट__(नाव, दर, किलो)
            सेल्फ.कचरा = कचरा

नारळासाठी ‘नगमाल’ नावाचा क्लास याच धर्तीवर करा, त्यात किलोऐवजी नग. वजनी मालाचा दर क्विंटलचा, नगाचा दर शेकड्याचा. आता दोन ऑब्जेक्ट बनवा (दर उदाहरणापुरते आहेत):

    भात = वजनीमाल("भात", २४००, ३५०)
    तिखट = मिरची("संकेश्वरी", १८०००, ४०, २)

‘टाइप(भात)’ विचारलं की ‘वजनीमाल’ मिळतं. ‘टाइप(तिखट) इज वजनीमाल’ याचं उत्तर फॉल्स, कारण तिखटचा नेमका क्लास मिरची आहे. ‘इझइन्स्टन्स(तिखट, वजनीमाल)’ याचं उत्तर ट्रू, कारण इझइन्स्टन्स वारसाही धरतो. ‘मिरची.__एमआरओ__’ छापून बघितलं तर मिरची, वजनीमाल, माल, ऑब्जेक्ट अशी साखळी दिसते. इझइन्स्टन्स मुळात हीच साखळी बघतो.

नव्याने शिकणाऱ्यांनी इझइन्स्टन्स हीच सवय ठेवावी. उद्या कोणी वजनी मालाचा नवा सबक्लास केला तरी तुमचा जुना कोड त्याला ओळखतो. ‘टाइप इज’ ची गरज क्वचितच पडते, उदाहरणार्थ सबक्लास मुद्दाम बाहेर ठेवायचा असेल तेव्हा. एकापेक्षा जास्त क्लास चालणार असतील तर इझइन्स्टन्सच्या दुसऱ्या जागी टपल, म्हणजे कंसात सगळ्या क्लासांची यादी द्या. पायथन ३.१० पासून मध्ये उभी रेघ टाकून ‘इंट | स्ट्र’ असंही लिहिता येतं.

पायथनच्या घरच्याच दोन जागा मात्र इझइन्स्टन्सवर विसंबणाऱ्याला फसवतात. बूल हा इंटचा सबक्लास आहे, म्हणून ‘इझइन्स्टन्स(ट्रू, इंट)’ ट्रू येतं. एक्सेलच्या पोत्यांच्या रकान्यात चुकून होय-नाही आलं तर ट्रू म्हणजे एक पोतं असा हिशेब बिनबोभाट होतो. तसंच डेटटाइम हा डेटचा सबक्लास आहे. एक्सेलमधली तारीख ओपनपायएक्सेल या लायब्ररीने वाचली की डेटटाइम मिळतो, तो “तारीख आहे का” या चाचणीत पास होतो, आणि पुढे साध्या डेटशी लहान-मोठं तपासायला गेलं की टाइप एरर येतो. दोन्ही ठिकाणी उपाय एकच: सबक्लासची तपासणी आधी, मूळ क्लासची नंतर.

तिसरं पाऊल: इफ-एल्सची माळ ओळखा आणि सोडवा

सगळ्यात जास्त वेळ या पावलाला द्या. पट्टीची रक्कम काढायला पहिल्यांदा सुचतं ते असं:

    डेफ रक्कम(मा):
        इफ इझइन्स्टन्स(मा, वजनीमाल):
            रिटर्न मा.किलो * मा.दर / १००
        एलिफ इझइन्स्टन्स(मा, नगमाल):
            रिटर्न मा.नग * मा.दर / १००
        एलिफ इझइन्स्टन्स(मा, मिरची):
            रिटर्न (मा.किलो - मा.कचरा) * मा.दर / १००

भाताचे ८४०० रुपये बरोबर येतात. तिखटाचे मात्र ७२०० येतात, यायला हवे होते ६८४०. मिरची ही वजनीमालही आहे, त्यामुळे पहिल्याच फांदीने तिला पकडलं आणि तिसरी फांदी कधी चाललीच नाही. एरर नाही, इशारा नाही. दोन किलो कचऱ्याचे ३६० रुपये पट्टीत जास्त लागले आणि ते कोणाला तरी खिशातून भरावे लागतात. फांद्यांचा क्रम बदलला की आजचं काम भागतं, पण कोड बरोबर आहे की नाही हे ओळींच्या क्रमावर अवलंबून राहतं, आणि वर्षभराने फाइल उघडणाऱ्याला ते दिसत नाही.

दुसरा दोष आणखी खोल आहे. हमालीचं वेगळं फंक्शन लिहिलं की हीच माळ तिथे पुन्हा येते. पावतीच्या छपाईत पुन्हा, महिन्याच्या गोषवाऱ्यात पुन्हा. मग एक दिवस दुकानाचे मालक म्हणतात, “आता जुडीवरची भाजी पण घे की त्यात.” त्या दिवशी चार फाइलींत चार ठिकाणी फांदी जोडायची, आणि एखादी राहून गेली तर ते फंक्शन गुपचूप नन (म्हणजे ‘काहीच नाही’) परत करतं.

उपाय: प्रश्न विचारणं सोडून द्या आणि काम ऑब्जेक्टवरच सोपवा.

    क्लास वजनीमाल(माल):
        डेफ रक्कम(सेल्फ):
            रिटर्न सेल्फ.किलो * सेल्फ.दर / १००

    क्लास मिरची(वजनीमाल):
        डेफ रक्कम(सेल्फ):
            रिटर्न (सेल्फ.किलो - सेल्फ.कचरा) * सेल्फ.दर / १००

इनिट दोन्हीकडे आधीचंच राहतं. पट्टी करणारा कोड फक्त ‘मा.रक्कम()’ म्हणतो. कुठली रक्कम चालवायची ते पायथन त्याच एमआरओ साखळीवरून ठरवतो, म्हणजे टाइपची चौकशी होतेच, फक्त ती आपण लिहीत नाही. जुडीवरची भाजी आली की एक नवा क्लास, जुन्या कोडला हात नाही.

नव्या क्लासमध्ये कोणी रक्कम लिहायचं विसरलं तर? त्यासाठी मूळ माल क्लास एबीसी मॉड्यूलमधल्या ‘एबीसी’ वरून काढा आणि त्यातल्या रक्कम मेथडवर ‘ॲबस्ट्रॅक्टमेथड’ हा डेकोरेटर (मेथडच्या वरच्या ओळीत लिहायची खूण) लावा. मग रक्कम नसलेल्या क्लासचं ऑब्जेक्ट बनवतानाच टाइप एरर येतो. भर बाजारात पट्टी काढायच्या वेळी कळण्यापेक्षा हे फार आधी कळतं.

माळ नेहमीच वाईट असते असं मात्र मी म्हणणार नाही. प्रकार ठरलेले आहेत, वाढणार नाहीत, पण त्यांच्यावर करायची कामं वाढत जाणार आहेत, अशी स्थिती असते. तिथे प्रत्येक नव्या कामासाठी सगळ्या क्लासांत मेथड घुसवण्यापेक्षा एका जागी फांद्या लिहिणं सरळ पडतं. प्रकार वाढले तर एक मांडणी सोयीची, कामं वाढली तर दुसरी, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी सोयीच्या ठेवणं अवघड. या पेचाला फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ असं नाव दिलं. पायथन ३.१० मधलं ‘मॅच’ अशाच जागेसाठी चांगलं आहे. त्यातला क्लास पॅटर्न आतून इझइन्स्टन्सच वापरतो, म्हणून क्रमाचा धोका तिथेही तसाच राहतो: मिरचीचा केस वजनीमालाच्या आधी लिहा.

हा प्रश्न ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या जन्मापासूनचा आहे. नॉर्वेत ऊले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेतच क्लासप्रमाणे फांद्या करणारं ‘इन्स्पेक्ट’ हे विधान होतं. ‘नेमका हाच क्लास’ आणि ‘हा किंवा याचा सबक्लास’ हे विचारायला ‘इझ’ आणि ‘इन’ असे दोन वेगळे ऑपरेटरही तिच्यात होते.

चौथं पाऊल: क्लास तुमचा नसेल किंवा काम त्याचं नसेल तर सिंगलडिस्पॅच

एकच पट्टी शेतकऱ्याला मराठीत द्यायची, कचेरीला कन्नडमध्ये. रक्कम काढणं हे मालाचं काम, पण छपाई हे मालाचं काम नव्हे. प्रत्येक माल क्लासमध्ये ‘मराठीत छाप’, ‘कन्नडमध्ये छाप’ अशा मेथड भरत गेलं तर क्लास फुगत जातो. शिवाय यादीत डेसिमल, डेट असे पायथनचे स्वतःचे टाइपही असतात, त्यांच्यात आपण मेथड घालू शकत नाही.

फंकटूल्समधलं ‘सिंगलडिस्पॅच’ यासाठीच आहे, पायथन ३.४ पासून. मुख्य फंक्शनवर तो डेकोरेटर लावायचा, मग प्रत्येक टाइपसाठी वेगळं फंक्शन ‘रजिस्टर’ करायचं. पहिल्या आर्ग्युमेंटचा टाइप बघून पायथन सर्वांत जवळचं फंक्शन निवडतो. इथे नोंदणीचा क्रम महत्त्वाचा नसतो. मिरचीसाठी नोंद असेल तर तीच चालते, नसेल तर वजनीमालाची. तिसऱ्या पावलातला क्रमाचा घोटाळा इथे होऊच शकत नाही, म्हणून मला हे हत्यार फार आवडतं. मुख्य फंक्शनच्या आत मात्र टाइप एरर उठवायला विसरू नका, नाहीतर अनोळखी टाइप तिथे मुकाट्याने जिरतो.

पाचवं पाऊल: माहिती आत शिरते तिथे पक्की तपासणी

आतला कोड स्वच्छ राहायचा तर दारात काम चोख हवं. पट्टीच्या प्रोग्राममध्ये आकडे येतात ते एक्सेलमधून, मोबाइल ॲपच्या जेसनमधून (ॲप माहिती ज्या मजकुराच्या रूपात पाठवतं त्यातून), कधी व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुरातून. जेसनमध्ये ३५० लिहिलं तर इंट मिळतो, ३५०.० लिहिलं तर फ्लोट, अवतरणात लिहिलं तर स्ट्रिंग. तिन्ही एकाच दुकानातून एकाच दिवशी येऊ शकतात.

आपल्या भागात त्यात आणखी एक भर पडते: कोणी आकडे इंग्रजीत लिहितं, कोणी देवनागरीत, कोणी कन्नडमध्ये. इथे पायथन मोठी मदत करतो. इंट, फ्लोट आणि डेसिमल हे तिन्ही युनिकोडमधले दशमान अंक वाचतात. ‘इंट("३५०")’ सरळ चालतं, कन्नड अंकांतली स्ट्रिंगही चालते. जावाचं पार्सइंटही असे अंक घेतं. जावास्क्रिप्टचं नंबर मात्र देवनागरी अंकांवर नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) देतं, म्हणून वेब फॉर्मवर ब्राउझरमध्येच आकडे बदलायचे असतील तर ते काम स्वतः लिहावं लागतं. स्वल्पविराम पायथनलाही चालत नाही, ‘१,२५०’ मधला तो आधी काढावा लागतो.

    डेफ आकडा(मू):
        इफ इझइन्स्टन्स(मू, बूल):
            रेझ टाइपएरर("इथे होय-नाही चालत नाही")
        इफ इझइन्स्टन्स(मू, (इंट, डेसिमल)):
            उत्तर = डेसिमल(मू)
        एलिफ इझइन्स्टन्स(मू, फ्लोट):
            उत्तर = डेसिमल(स्ट्र(मू))
        एलिफ इझइन्स्टन्स(मू, स्ट्र):
            उत्तर = डेसिमल(मू.रिप्लेस(",", ""))
        एल्स:
            रेझ टाइपएरर(टाइप(मू).__नेम__)
        इफ नॉट उत्तर.इझ_फायनाइट() ऑर उत्तर < ०:
            रेझ व्हॅल्यूएरर("आकडा वापरण्याजोगा नाही")
        रिटर्न उत्तर

यात बूलची तपासणी सगळ्यात वर का आहे ते आता कळलं असेल. फ्लोटला आधी स्ट्रिंग केलं आहे, कारण ०.१ सारखा फ्लोट थेट डेसिमलमध्ये घातला की त्याच्या बायनरी रूपाची लांबलचक शेपटीही सोबत येते. पैशांच्या हिशेबात ती नको. आणि स्ट्रिंगमध्ये आकड्याऐवजी भलतंच काही असेल तर डेसिमल स्वतःच ‘इनव्हॅलिडऑपरेशन’ उठवतो, ते पकडून वापरणाऱ्याला समजेल असा निरोप द्या.

शेवटची इफ हे पहिल्या पावलातल्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पांडास या लायब्ररीने एक्सेल वाचलं तर आकड्यांच्या रकान्यातला रिकामा खाना नॅन होतो, आणि नॅनचा टाइप फ्लोट असतो. म्हणजे “आकडा आहे का?” या प्रश्नाला रिकामा खानाही होकार देतो. टाइप बरोबर आहे म्हणजे किंमत बरोबर आहे असं नव्हे. एरर उठवतानाही हाच भेद पाळा: टाइपच चुकीचा असेल तर टाइप एरर, टाइप ठीक पण किंमत चुकीची तर व्हॅल्यू एरर.

काही जण म्हणतील, फंक्शनला टाइप हिंट लिहिल्या आहेत, मग ही उठाठेव कशाला? पायथन चालताना हिंट तपासत नाही. ‘किलो: इंट’ लिहिलं आणि स्ट्रिंग दिली तरी फंक्शन सुरू होतं. हिंट मायपायसारख्या तपासनीसासाठी आणि वाचणाऱ्यासाठी असतात, बाहेरून आलेल्या माहितीला त्या अडवत नाहीत. ‘इझइन्स्टन्स(यादी, लिस्ट[इंट])’ असंही विचारता येत नाही, टाइप एरर येतो. आधी लिस्ट आहे का ते बघा, मग आतला एकेक घटक. आणि “यादी आहे का?” हे “यावर लूप चालतो का?” असं विचारून ठरवू नका, कारण लूप स्ट्रिंगवरही चालतो आणि ‘भात’ या शब्दाची अक्षरं सुटी होऊन येतात.

सहावं पाऊल: कोण आहे हे सोडा, काय करता येतं ते विचारा

कधी कधी वारसा महत्त्वाचा नसतो. वाहतुकीचं भाडं किंवा बारदानाची किंमतही पट्टीत एक ओळ म्हणून धरायची आहे. तो माल नाही, पण त्याला रक्कम आहे. इथे ‘हॅझॲटर(ओळ, "रक्कम")’ हा सगळ्यात सोपा मार्ग. त्याच्या मर्यादा दोन: त्या नावाचं काहीतरी आहे एवढंच तो सांगतो, मेथड आहे की नुसता आकडा ते ‘कॉलेबल’ने वेगळं बघावं लागतं. आणि ते नाव प्रॉपर्टीचं (वाचताना मागे कोड चालवणारं) असेल तर हॅझॲटर ती प्रॉपर्टी प्रत्यक्ष चालवतो. प्रॉपर्टी डेटाबेसपर्यंत जात असेल तर नुसत्या चौकशीपायी ती फेरी होते.

अनेक ठिकाणी हाच प्रश्न येत असेल तर टायपिंगमधला ‘प्रोटोकॉल’ वापरा, तो पायथन ३.८ मध्ये आला. ‘रक्कमदार’ नावाचा प्रोटोकॉल लिहून त्यावर ‘रनटाइम_चेकेबल’ लावला की ‘इझइन्स्टन्स(ओळ, रक्कमदार)’ असं विचारता येतं, आणि भाड्याच्या क्लासला कोणाचाही वारस व्हावं लागत नाही. पण ही चाचणी मेथडचं नाव आहे की नाही एवढंच बघते. तिला किती आर्ग्युमेंट लागतात, ती काय परत करते, हे तपासत नाही. ते मायपायकडे सोपवा.

तिसरा पर्याय न विचारण्याचा: सरळ ‘ओळ.रक्कम()’ म्हणा आणि ॲट्रिब्यूट एरर आला तर पकडा. पायथनमध्ये ही रीत मान्य आहे. तरी ट्राय ब्लॉक एका ओळीपुरता ठेवा, आणि रक्कमच्या आत खोलवर उठलेला दुसराच ॲट्रिब्यूट एरर तुम्ही झाकून टाकत नाही ना, ते बघा. याच कारणाने मी हिशेबाच्या कोडमध्ये हा मार्ग टाळतो.

सातवं पाऊल: आत डोकावून बघणं

दुसऱ्याचं ऑब्जेक्ट समजून घ्यायचं असेल तर प्रॉम्प्टवर ‘डिर’ नावं दाखवतो, ‘व्हार्स’ त्या ऑब्जेक्टमधली माहिती डिक्शनरीच्या रूपात दाखवतो, आणि इन्स्पेक्ट मॉड्यूलचं ‘सिग्नेचर’ फंक्शनला काय काय लागतं ते सांगतं. शिकताना आणि चूक शोधताना हे मनसोक्त वापरा. दुकानात चालणाऱ्या कोडमध्ये मात्र व्हार्सवर हिशेब बांधू नका: क्लासमध्ये स्लॉट्स आले की ‘__डिक्ट__’ नसतो आणि तो कोड कोलमडतो.

एका ठिकाणी ही चौकशी खरंच उपयोगी पडते. एक्सेलमधल्या “मिरची” या शब्दावरून मिरची क्लास शोधायचा आहे. ‘माल.__सबक्लासेस__()’ फक्त थेट सबक्लास देतं, म्हणून मिरची त्यात दिसतच नाही, ती वजनीमालाखाली आहे. त्यापेक्षा माल क्लासमध्ये ‘__इनिट_सबक्लास__’ लिहा. प्रत्येक नवा सबक्लास तयार होताना ते आपोआप चालतं, कितीही खालच्या पायरीवरचा असला तरी. तिथे नाव आणि क्लास एका डिक्शनरीत नोंदवा. मॉड्यूल इम्पोर्ट झालं नसेल तर क्लासच तयार होत नाही आणि नोंदही होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आठवं पाऊल: “क्लास तोच आहे, तरी फॉल्स का?”

हा प्रश्न लॅबमध्ये हमखास येतो. छापून बघितलं तर क्लासचं नाव वजनीमाल, तपासतोय तेही वजनीमाल, तरी इझइन्स्टन्स फॉल्स म्हणतो. कारण इझइन्स्टन्स नाव बघत नाही, मेमरीतलं क्लास ऑब्जेक्ट बघतो, आणि एकाच नावाचे दोन क्लास मेमरीत असू शकतात.

ज्युपिटर नोटबुकमध्ये क्लासचा सेल (कोडचा तुकडा) पुन्हा चालवला की नवा क्लास तयार होतो, पण आधी बनवलेला भात जुन्या क्लासचाच राहतो. उपाय: क्लासचा सेल चालवला की ऑब्जेक्ट बनवणारे सेलही पुन्हा चालवा. दुसरं कारण: माल नावाची फाइल तुम्ही थेट चालवली आणि दुसऱ्या एखाद्या फाइलने तीच इम्पोर्ट केली. मग ती एकदा ‘__मेन__’ म्हणून आणि एकदा स्वतःच्या नावाने अशी दोनदा लोड होते. ‘टाइप(भात).__मॉड्यूल__’ छापलं की हे लगेच उघड होतं. प्रोग्राम सुरू करणारी फाइल वेगळी ठेवा, तिच्यात क्लास लिहू नका. क्लासचं नाव स्ट्रिंग म्हणून ताडून बघण्याची पळवाट घेऊ नका, ती सबक्लासला ओळखत नाही आणि खरा दोष झाकते.

पांडास ज्या नमपाय लायब्ररीवर उभं आहे तिचा इंट६४ हा पायथनच्या इंटचा सबक्लास नाही, पण फ्लोट६४ हा फ्लोटचा आहे. म्हणून वरच्या ‘आकडा’ फंक्शनला पांडासमधून आलेले पूर्णांक अडतात. नंबर्स मॉड्यूलमधल्या ‘इंटिग्रल’शी ताडून बघितलं तर दोन्ही पूर्णांक ओळखले जातात, मात्र डेसिमलमध्ये घालण्याआधी ‘इंट(मू)’ करून घ्या.

जावा आणि सी प्लस प्लसमध्ये हेच

जावात ‘इन्स्टन्सऑफ’ हा इझइन्स्टन्ससारखा वारसा धरतो आणि ‘गेटक्लास’ नेमका क्लास देतो. नलला इन्स्टन्सऑफ विचारलं तर उत्तर फॉल्स येतं, एक्सेप्शन येत नाही. नलवर गेटक्लास बोलावलं तर नलपॉइंटरएक्सेप्शन. जावा १६ पासून इन्स्टन्सऑफच्या ओळीतच व्हेरिएबल जाहीर करता येतं, त्यामुळे खालच्या ओळीवरचं कास्ट आणि त्यात होणारी चूक दोन्ही गेली.

तिसऱ्या पावलातल्या पेचाला जावाने दिलेलं उत्तर मला मनापासून पटतं. जावा १७ मधल्या सील्ड क्लासने माल या क्लासचे सबक्लास कोणते ते ठरवून टाकता येतं, आणि २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ च्या स्विचमध्ये टाइपप्रमाणे फांद्या लिहिता येतात. त्या स्विचमध्ये एखादा प्रकार राहिला तर कोड कंपाइलच होत नाही. मिरचीची फांदी वजनीमालाखाली गेली तरीही कंपाइलर अडवतो. प्रकार ठरलेले असतील तर जावात फांद्या लिहायला बिनदिक्कत जा.

जेनेरिक्सच्या बाबतीत सांभाळा. २००४ च्या जावा ५ पासून कंपाइल होताना टाइप पॅरामीटर पुसला जातो, म्हणून स्ट्रिंगची लिस्ट आणि इंटिजरची लिस्ट चालू प्रोग्राममध्ये एकाच क्लासच्या दिसतात. आणि इक्वल्स लिहिताना गेटक्लास घ्यायचा की इन्स्टन्सऑफ, हे विचार करून ठरवा. वजनीमालाच्या इक्वल्समध्ये इन्स्टन्सऑफ आहे आणि मिरचीने स्वतःचं इक्वल्स लिहून कचराही ताडला, तर नाव, दर, किलो तेच असलेला साधा वजनीमाल मिरचीला “समान” म्हणेल आणि मिरची त्याला “असमान”. हॅशसेटमध्ये असा माल टाकला की नोंदी हरवल्यासारख्या वागतात. गेटक्लास घेतला तर हा प्रश्न मिटतो, पण हायबरनेटसारखं फ्रेमवर्क चालताना प्रॉक्सी (बदली) सबक्लास बनवतं, तिथे गेटक्लास खऱ्या ऑब्जेक्टलाही परकं ठरवू शकतो. माझा कल असा: इक्वल्स मूळ क्लासमध्ये इन्स्टन्सऑफने एकदाच लिहा, त्याला फायनल करा, आणि सबक्लासने तो बदलू नये.

सी प्लस प्लसमध्ये ‘डायनॅमिक_कास्ट’ने वरच्या क्लासच्या पॉइंटरवरून खालच्या क्लासकडे जायचं तर वरच्या क्लासमध्ये निदान एक व्हर्च्युअल फंक्शन असावं लागतं, नसेल तर कोड कंपाइल होत नाही. पॉइंटरवर कास्ट फसलं तर नलपॉइंटर मिळतो, रेफरन्सवर फसलं तर ‘बॅड_कास्ट’ एक्सेप्शन येतं. ‘टाइपआयडी’ व्हर्च्युअल फंक्शन नसलेल्या क्लासवरही चालतं, पण तिथे लिहिलेला टाइप सांगतं, समोरच्या ऑब्जेक्टचा खरा टाइप नाही. त्याचं ‘नेम’ जे छापतं ते प्रत्येक कंपाइलरवर वेगळं असू शकतं, म्हणून ते फाइलमध्ये साठवू नका.

शेवटचं पाऊल: चाचण्या

तीन चाचण्या तरी लिहाच. पहिली: मिरचीची पट्टी ६८४० येते का, म्हणजे सबक्लास मूळ क्लासच्या हिशेबात वाहून जात नाही ना. दुसरी: ‘आकडा’ फंक्शनला देवनागरी अंक, कन्नड अंक, स्वल्पविराम असलेली स्ट्रिंग, ट्रू, नॅन आणि नन हे सगळं देऊन बघा. पहिले तीन पास व्हायला हवेत, पुढचे तीन अडायला हवेत. तिसरी: चाचणीच्या फाइलमध्ये वजनीमालाचा एक नवा, अगदी रिकामा सबक्लास करा आणि त्याची पट्टी निघते का बघा. ती निघाली नाही तर कोडमध्ये कुठेतरी ‘टाइप इज’ किंवा नावाची तुलना दडून बसली आहे. सगळ्या फाइलींत ‘इझइन्स्टन्स’ आणि ‘टाइप(’ शोधा, प्रत्येक जागेसमोर पहिल्या पावलातल्या चारांपैकी कोणता प्रश्न आहे ते लिहा, आणि ज्या जागेला उत्तर सुचत नाही ती मेथडमध्ये हलवा.